सगळ्या वंशांचा नट

एखाद्या चरित्रपटाची घोषणा झाली की आपल्याकडे चार दिवस तोच वाद पेटतो. अमुक जमातीच्या, अमुक प्रांताच्या माणसाची भूमिका बाहेरच्या नटाने करावी का? एक पक्ष म्हणतो, अभिनय म्हणजेच परकायाप्रवेश; नटाची जात विचारायची असेल तर नाटक-सिनेमाला कुलूप ठोका. दुसरा पक्ष म्हणतो, आमचं जगणं आमच्याच माणसाने दाखवावं. बाहेरच्याने तोंडाला रंग फासून आमचं सोंग आणू नये. दोघेही दाखले हटकून अमेरिकेचे देतात. पाचव्या दिवशी ट्रेलर येतो आणि सगळे कामाला लागतात. माझ्या मते हा वाद मुळातच भलत्या ठिकाणी चाललाय. दोन्ही पक्ष पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बघून भांडतात. भूमिका कोणी वाटल्या, ती नाकारायची ताकद नटाकडे होती का, करारावर काय लिहिलं होतं, हे कोणी विचारत नाही. आणि ते विचारल्याशिवाय चेहऱ्याचा प्रश्न सुटत नाही, नुसता फिरत राहतो. अमेरिकेचेच दाखले द्यायचे असतील तर मी एका अशा नटाचा देतो जो दोन्ही पक्षांना सारखाच अडचणीचा आहे. त्याचं नाव नोबल जॉन्सन.

नाव ऐकलेलं नसेल, पण माणूस बहुधा पाहिलेला असेल. 1933 चा 'किंग काँग' आठवा. बेटावर उतरलेली गोरी मंडळी झुडपाआडून आदिवासींचा नाच बघताहेत. डोक्यावर पिसांचा भला मोठा साज घातलेल्या टोळीप्रमुखाची नजर त्यांच्याकडे जाते. तो हात वर करतो, नाच थांबतो. मग तो पायऱ्या उतरून एकेक पाऊल टाकत पाहुण्यांच्या दिशेने येऊ लागतो, आणि मॅक्स स्टायनरचं संगीत त्याच्या प्रत्येक पावलावर ठोका देतं. पाऊल पडलं की सूर, पाऊल थांबलं की शांतता. पार्श्वसंगीताच्या वर्गात हा तुकडा आजही दाखवण्यासारखा आहे. पण संगीत बाजूला ठेवून नुसता तो माणूस बघा. धिप्पाड शरीर, जराही घाई नाही, मान ताठ. संवाद म्हणाल तर कोणालाही न कळणाऱ्या भाषेतली चार वाक्यं, ज्यांचा अर्थ जहाजाचा कप्तान इतरांना सांगतो. गोऱ्या नायिकेला बघून तो तिच्या बदल्यात आपल्या टोळीतल्या सहा बायका देऊ करतो. पटकथेने त्याच्या हाती एवढंच दिलंय, आणि एवढ्यावर त्याने जरब उभी केली आहे.

जॉन्सनचा जन्म 1881 मध्ये मिझुरी राज्यात झाला; लहानाचा मोठा झाला कोलोराडो स्प्रिंग्ज गावात. वडील घोडे तयार करण्यात नावाजलेले. मुलाने शाळा लवकर सोडली, वडिलांबरोबर शर्यतींच्या गावांतून हिंडला, पुढे गुरांमागे घोड्यावरून फिरण्याची कामंही केली. 1914 मध्ये फिलाडेल्फियाची ल्युबिन कंपनी चित्रीकरणासाठी कोलोराडोत आली होती. तिथे 'इंडियन' झालेला नट साहसदृश्यात जखमी झाला आणि घोड्यावर मांड घट्ट असलेला तगडा गडी हवा होता. तो मिळाला जॉन्सनच्या रूपात. म्हणजे एका कृष्णवर्णीय माणसाची सिनेमातली पहिली भूमिका अमेरिकेच्या मूळनिवाशाची, तीही दुसऱ्याच्या जागी आयत्या वेळी उभं राहून. पुढे 1950 च्या आसपास निवृत्त होईपर्यंत सव्वाशेच्या वर चित्रपटांत तो दिसतो, आणि पहिल्या दिवशी जे घडलं तेच थोड्याफार फरकाने त्याच्या पाचवीला पुजलं गेलं.

त्याचा वर्ण उजळ होता. त्या काळच्या कृष्णधवल फिल्मवर थोड्या रंगभूषेने तो कोणीही होऊ शकत असे, आणि त्याला कोणीही करण्यात आलं. 1922 च्या रॉबिन्सन क्रूसोवरच्या मालिकापटात तो क्रूसोचा बेटावरचा सोबती फ्रायडे होता. 1924 मध्ये बस्टर कीटनच्या 'द नॅव्हिगेटर'मध्ये नरभक्षकांचा म्होरक्या. 1930 च्या 'मॉबी डिक'मध्ये पॅसिफिकमधल्या बेटावरून आलेला भालेकरी क्वीक्वेग. 1932 च्या 'द ममी'मध्ये न्यूबियन, म्हणजे नाईलकाठचा आफ्रिकी गुलाम, आणि त्याच वर्षी 'द मोस्ट डेंजरस गेम'मध्ये चेहरा गोरा करून, दाढी लावून रशियन सरदाराचा कोसॅक नोकर इव्हान. 1949 मध्ये जॉन फोर्डच्या 'शी वोअर अ यलो रिबन'मध्ये रेड शर्ट नावाचा भडक डोक्याचा इंडियन योद्धा. मध्ये अरब, मेक्सिकन, कुठे झोंबी. हॉलीवूडला 'इतर' म्हणून जेवढे लोक माहीत होते, त्यांतले बहुतेक त्याने करून टाकले.

आता पहिल्या पक्षाचे लोक खूश होतील. म्हणतील, बघा, काळा माणूस गोरा कोसॅक झाला, आणखी काय हवं? त्यांचा मुद्दा हलका नाही, आणि मी तो हलक्यावर घेणार नाही. नटाने फक्त आपल्याच घरचं माणूस करावं हा नियम अभिनयाच्या मुळावर येतो. तसा नियम असता तर जॉन्सनची कारकीर्दच उभी राहिली नसती. त्याच्या हयातीतल्या हॉलीवूडमध्ये कृष्णवर्णीय माणसासाठी लिहिलेल्या धड भूमिका होत्या कुठे? परकायाप्रवेशाच्या मुभेवरच तो पस्तीस वर्षं जगला. एवढं सगळं मान्य. पण मुभा होती हे म्हणताना ती कोणत्या दिशेला होती, हेही बघायला नको का?

1924 चाच 'द थीफ ऑफ बगदाद' घ्या. राजकन्येला मागणी घालायला तीन राजपुत्र येतात. हिंदुस्थानचा राजपुत्र आहे नोबल जॉन्सन. मंगोल राजपुत्र आहे सोजिन हा जपानी नट. पर्शियाचा राजपुत्र आहे चक्क एक बाई, माटिल्ड कोमाँ नावाची फ्रेंच अभिनेत्री. मंगोल दासी चिनी वंशाची अ‍ॅना मे वाँग. परकायाप्रवेशाचा असा मेळावा क्वचित भरला असेल, आणि मला स्वतःला तो चित्रपट बघताना भारी मजा येते. पण ज्याच्याभोवती गोष्ट फिरते तो बगदादचा चोर अहमद कोण? गोरा अमेरिकन डग्लस फेअरबँक्स. राजकन्याही गोरीच. जे राजपुत्र हरायचे आहेत त्यांच्या जागा जगभरातल्या माणसांसाठी खुल्या, आणि जो जिंकायचा आहे त्याची जागा आधीच ठरलेली. एका चित्रपटावरून निष्कर्ष काढू नये म्हणाल, तर 1915 चा 'द बर्थ ऑफ अ नेशन' बघा. कथानक पुढे नेणारी कृष्णवर्णीय पात्रं तोंड काळं केलेल्या गोऱ्या नटांनी केली आणि खरे कृष्णवर्णीय लोक गर्दीत उभे केले. 1931 पासून चार्ली चॅन या चिनी गुप्तहेराच्या भूमिकेत वॉर्नर ओलंड हा स्वीडनमध्ये जन्मलेला नट गाजत होता, आणि चिनी वंशाचा की लूक त्याच्या मुलाचं काम करत होता.

त्यातही सगळ्यात बोलका किस्सा 1937 च्या 'द गुड अर्थ'चा. चिनी शेतकरी कुटुंबाची गोष्ट. नायकाच्या भूमिकेसाठी पॉल म्युनी ठरला, गोरा. मग त्याच्या बायकोच्या भूमिकेत अ‍ॅना मे वाँगला घ्यायचं म्हणजे गोरा पुरुष आणि चिनी स्त्री पडद्यावर नवरा-बायको दिसणार. वंशावंशांतले शरीरसंबंध पडद्यावर नकोत असं तेव्हाची निर्मिती-आचारसंहिता म्हणत होती. तिच्या मजकुरात गोरे आणि काळे एवढाच उल्लेख, पण स्टुडिओ ती सढळ हाताने ताणून लावत. कॅलिफोर्नियात तर असे विवाह 1948 पर्यंत कायद्यानेच बंद होते. भूमिका मिळाली लुईज रेनरला, आणि तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. आता सांगा, इथे परकायाप्रवेश कोणी केला आणि कोणाला करू दिला नाही? रेनरच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. चिनी दिसण्यासाठी चिनी असायची गरज नव्हती, पण चिनी असणं मात्र आड आलं, ही गोष्ट मला खटकते. ज्या बाजारात एकाच बाजूला मालाची ने-आण होते त्याला खुला बाजार म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आपल्याकडे हा वाद रंगला की कोणीतरी बालगंधर्वांचं नाव काढतंच, आणि ते साहजिक आहे. पुरुष असून त्यांनी सिंधू उभी केली, भामिनी उभी केली. घरंदाज बायका त्यांचं बघून लुगडी नेसायला आणि अंबाड्यात फुलं माळायला शिकल्या. मग अभिनयाला देहाची अट कशाला? बालगंधर्वांचं मोठेपण कोण नाकारेल? पण त्या मोठेपणातून हा निष्कर्ष निघत नाही. दादासाहेब फाळके 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती शोधत होते तेव्हा त्यांना ग्रँट रोडच्या खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांपर्यंत जावं लागलं. फाळक्यांना परकायाप्रवेशाचा प्रयोग करून बघायचा नव्हता. सिनेमात तोंड दाखवलेल्या बाईला समाज जगू देत नव्हता, म्हणून बाई मिळत नव्हती. त्याच साली 'मोहिनी भस्मासुर'साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या, आणि मग अडचण कलेची कधीच नव्हती हे उघड झालं. 1917 च्या 'लंका दहन'मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले, ही थक्क करणारी गोष्ट आहे. पण राम आणि सीता दोन्ही करू शकणारी बाई त्या काळात नव्हतीच असं कोण छातीठोकपणे सांगेल? तिला कोणी विचारलंच नव्हतं.

जॉन्सनच्या भूमिकांची यादी जरा वेगळ्या नजरेने वाचली तर आणखी एक गोष्ट दिसते. मूकपटात सगळेच मुके होते. बोलपट आल्यावर नट बोलू लागले, आणि नेमक्या त्या काळात जॉन्सनच्या वाट्याला मुकी माणसं जास्त आली. कोसॅक इव्हान कथेतच मुका आहे. 'द ममी'मधला न्यूबियन दुसऱ्याच्या मंत्राखाली वावरतो. 'द घोस्ट ब्रेकर्स'मध्ये तो झोंबी आहे. 'किंग काँग'चा टोळीप्रमुख बोलतो, पण त्याच्या बोलण्याचा अर्थ गोरा कप्तान सांगतो तेवढाच. 'द मोस्ट डेंजरस गेम' आणि 'किंग काँग' यांचं बरंचसं चित्रीकरण एकाच जंगलाच्या सेटवर, त्याच मंडळींबरोबर झालं. तेच झाड, तीच दरी, नायिकाही तीच, फे रे. एका चित्रपटात जॉन्सन गोरा आणि दुसऱ्यात काळा. दोन्हीकडे त्याला स्वतःचं म्हणणं नाही. त्याच कोलोराडो स्प्रिंग्जमध्ये जन्मलेला लॉन चॅनी रंगभूषेच्या पेटीतून चिनी, अपंग, कुरूप, भयानक माणसं काढत राहिला आणि हजार चेहऱ्यांचा माणूस म्हणून जगभर गाजला. चॅनी थोर होता यात वादच नाही. पण त्याच्या प्रत्येक चेहऱ्यामागे एक गोष्ट होती: ते पात्र प्रेम करत असे, सूड घेत असे, पश्चात्ताप करत असे. जॉन्सनला चेहरे मिळाले, गोष्टी मिळाल्या नाहीत. श्रेयनामावलीत 'टोळीप्रमुख', 'न्यूबियन', 'कांस्य पुरुष' एवढंच.

दुसऱ्या पक्षाला वाटेल की आता मी त्यांच्या बाजूला आलो. थांबा जरा. 'आमचं माणूस आम्हीच करणार' हा नियम जॉन्सनला लावून बघा. त्याने केलेले इंडियन योद्धे मूळनिवासी नटांच्या हक्काचे नव्हते का? फोर्डच्या त्या चित्रपटात पोनी दॅट वॉक्स नावाचा शहाणा, म्हातारा प्रमुख चीफ जॉन बिग ट्री या मूळनिवासी नटाने केला, आणि युद्धाला पेटलेला तरुण रक्ताचा रेड शर्ट अडुसष्ट वर्षांच्या जॉन्सनने. मग इथे जॉन्सन अन्याय करणारा की अन्याय सोसणारा? माझं उत्तर, एकाच वेळी दोन्ही. वंशाच्या नियमाने हा गुंता सुटत नाही, कारण त्या नियमात माणूस एकतर पीडित असतो नाहीतर घुसखोर. ज्याला आपल्या लोकांचं काम नाकारलं गेलं म्हणून दुसऱ्या लोकांचं काम घ्यावं लागलं, अशा माणसासाठी त्यात रकानाच नाही.

दुसऱ्या पक्षातल्या काहींचं म्हणणं आणखी कडक असतं: अपमानकारक भूमिका करणाऱ्याने त्या नाकारायला हव्या होत्या. हा वादही जुना आहे आणि तेव्हाही तो वाईट पद्धतीने लढला गेला. 1942 मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संघटनेचे वॉल्टर व्हाइट हॉलीवूडमध्ये आले, स्टुडिओप्रमुखांना भेटले, आणि मोलकरणी-नोकर-विदूषक या ठरीव साच्यांतून कृष्णवर्णीयांना बाहेर काढा अशी मागणी त्यांनी केली. मागणी शंभर टक्के रास्त. पण ज्यांच्या पोटावर पाय येणार होता त्या नटांशी बोलण्याआधी ते मालकांशी बोलले, असा आक्षेप घेत कृष्णवर्णीय चरित्र अभिनेते त्यांच्यावर उलटले. हॅटी मॅकडॅनियल त्यात आघाडीवर होती. तिला 29 फेब्रुवारी 1940 रोजी मोलकरणीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं होतं, आणि समारंभाच्या रात्री तिला सहकलाकारांपासून दूर, कडेच्या टेबलावर बसवलं होतं. अशा बाईला 'नाकार' म्हणून सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. नाकारायला पर्याय लागतो. पर्याय कुठून येणार होता?

इथेच जॉन्सनच्या आयुष्यातला तो भाग येतो ज्याच्यामुळे मी हा लेख लिहायला बसलो. त्याने पर्याय उभा केला होता. 'द बर्थ ऑफ अ नेशन'च्या पुढच्याच वर्षी, 1916 मध्ये, जॉन्सन आणि काही कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमध्ये लिंकन मोशन पिक्चर कंपनी काढली. जॉन्सन तिचा अध्यक्ष आणि नायक. धाकटा भाऊ जॉर्ज ओमाहाच्या पोस्टात नोकरी करायचा आणि ती सांभाळून चित्रपट कुठे लावायचे ते बघायचा. कंपनीचा पहिला दोन रिळांचा चित्रपट 'द रिअलायझेशन ऑफ अ नीग्रोज अँबिशन'. नायक जेम्स बर्टन, टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या नावाजलेल्या संस्थेत शिकून अभियंता झालेला. कॅलिफोर्नियाच्या तेलक्षेत्रात काम मागायला जातो, रंग बघून त्याला परत पाठवतात. वाटेत तो बग्गीच्या उधळलेल्या घोड्यांपासून एका मुलीला वाचवतो. ती निघते तेलमालकाची लेक. नोकरी मिळते. तिथली जमीन बघता बघता त्याच्या लक्षात येतं की आपल्या बापाच्या शेतातली जमीन अशीच आहे. घरी जातो, तेल लागतं. गोष्ट भाबडी आहे, योगायोगांनी ठासून भरलेली आहे, आणि मला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. घोड्यांमध्ये वाढलेल्या माणसाने उधळलेले घोडे आवरायचं दृश्य स्वतःसाठी ठेवलं, ही हौसही गोड आहे. मुद्दा असा की नोबल जॉन्सन त्यात एक माणूस आहे. त्याला नाव आहे, शिक्षण आहे, बाप आहे, शेत आहे. दुसऱ्या चित्रपटात तो मेक्सिकोच्या सीमेवर लढणाऱ्या कृष्णवर्णीय घोडदळातला सैनिक झाला. 1917 मध्ये तिसरा.

या काळात त्याचं पोट चालत होतं युनिव्हर्सल या मोठ्या स्टुडिओच्या मालिकापटांवर. तिथे मिळालेला पैसा तो लिंकनमध्ये घालत होता. आणि गंमत बघा, हाच त्याच्या पायातला खोडा ठरला. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतल्या थिएटरांबाहेर लिंकनच्या चित्रपटांची, जॉन्सनच्या नावाची मोठी पोस्टर लागू लागली. त्याच रस्त्यावर युनिव्हर्सलचे चित्रपट लागलेले, ज्यांत तोच जॉन्सन कुठेतरी चौथ्या-पाचव्या नंबरवर. प्रेक्षक कुठे जाणार? युनिव्हर्सलने त्याला सांगितलं, आमच्याकडे काम करायचं तर लिंकन सोड, आणि तुझं नाव-चेहरा त्यांना वापरू देऊ नको. 1918 मध्ये त्याने लिंकनचा राजीनामा दिला.

आजच्या वादातल्या दोन्ही पक्षांनी या राजीनाम्याकडे जरा नीट बघावं अशी माझी विनंती आहे. इथे रंगभूषेचा, परकायाप्रवेशाचा, अस्सलपणाचा प्रश्नच नाही. एक कृष्णवर्णीय नट कृष्णवर्णीय माणसाची भूमिका, कृष्णवर्णीय कंपनीत, कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी करत होता. दुसऱ्या पक्षाच्या सगळ्या अटी पूर्ण. तो काय वाट्टेल ते होऊ शकणारा नट होता. पहिल्या पक्षाच्याही अटी पूर्ण. तरी ते बंद पडलं, आणि बंद पाडायला एका मोठ्या कंपनीची कराराची धमकी पुरली. त्यानंतरची बत्तीस वर्षं नरभक्षक, गुलाम आणि मुके नोकर. या माणसाची कारकीर्द ज्या दिवशी वळली त्या दिवशी पडद्यावर काहीच घडलं नव्हतं. मग आपण फक्त पडद्यावरच का भांडतो?

यावर एक तगडा आक्षेप येतो, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. मालकी मालकी करता, पण लिंकन टिकली कुठे? जॉन्सन गेल्यावर क्लॅरन्स ब्रुक्स नायक झाला, 1921 मध्ये 'बाय राइट ऑफ बर्थ' निघाला, आणि कंपनीचा गाशा गुंडाळला गेला. त्या शेवटच्या चित्रपटाचे काही मिनिटांचे तुकडे तेवढे शिल्लक आहेत. जॉन्सनने केलेला जेम्स बर्टन आज कोणालाही बघता येत नाही. तो धोपट राजमार्गाने स्टुडिओत राहिला म्हणून तर 'किंग काँग'मधून आजही आपल्यासमोर येतो. शिवाय त्याने स्वतः निवड केली होती, वर्षानुवर्षं पगार घेतला, शहाण्णव वर्षं जगून 1978 मध्ये गेला. त्याची कीव करणारे आपण कोण? यातली शेवटची गोष्ट मला पूर्ण पटते. कीव नकोच. 1918 मध्ये त्याच्या जागी असतो तर मीही पगाराचीच बाजू धरली असती, आणि बहुतेक वाचकांनीही.

पण लिंकन का बुडाली? लोक बघायला येत नव्हते म्हणून नव्हे. लोक येत होते हीच तर युनिव्हर्सलची तक्रार होती. कृष्णवर्णीयांना मोकळेपणाने बसता येईल अशी थिएटरं देशभरात मोजकी. त्यांच्या जोरावर चित्रपटाचा खर्च निघायचा तर प्रत्येक थिएटरकडून पैसा वसूल व्हायला हवा, प्रिंट एका गावाहून दुसऱ्या गावाला वेळेत पोचायला हवी. हे सगळं पोस्टातला एक नोकरदार सांभाळत होता. त्यात 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ, गावोगावी थिएटरं बंद. आणि ज्याच्या नावावर तिकिटं खपायची तो नायकच काढून घेतलेला. मोठ्या स्टुडिओंनी पुढच्या काही वर्षांत निर्मिती, वितरण आणि थिएटरं एकाच मुठीत आणली, आणि ती मूठ सुटायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1948 चा निकाल यावा लागला. अशा मुठीसमोर दोन-तीन रिळांची कंपनी टिकली नाही म्हणून मालकीचा मुद्दाच खोटा, हे म्हणणं म्हणजे गळा दाबून झाल्यावर तब्येतीला दोष देणं.

मालकी मिळाली की सगळं निर्मळ होतं असं मात्र मी म्हणणार नाही, आणि लिंकनच्याच दप्तरात त्याचा पुरावा आहे. जॉर्ज जॉन्सनने जपलेली पत्रं, जाहिराती, कात्रणं आज लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. चित्रपट गेले, पोस्टातल्या माणसाने कागद मात्र राखले. त्या पत्रव्यवहारात 1918 मध्ये ऑस्कर मिशो नावाचा एक कृष्णवर्णीय कादंबरीकार भेटतो. लिंकनला त्याची 'द होमस्टेडर' ही कादंबरी चित्रपटासाठी हवी होती. मिशोची अट होती की चित्रीकरण माझ्या देखरेखीखाली झालं पाहिजे. या माणसाने आयुष्यात कॅमेरा हाताळलेला नव्हता. लिंकनच्या मंडळींनी नाही म्हटलं. युनिव्हर्सलच्या अटीने घायाळ झालेली कंपनी दुसऱ्याची अट ऐकायला तयार झाली नाही. पुढे मिशोच्या स्वतःच्या चित्रपटांतही नायक-नायिका उजळ आणि खलपात्रं सावळी, अशी टीका झाली आणि ती खोटी नव्हती. ज्याच्या हाती सूत्रं येतात तो आपले पूर्वग्रह बाहेर ठेवून येत नाही.

तरीही जॉन्सन आणि मिशो यांच्यातला फरक बघण्यासारखा आहे. एकाच साली दोघांसमोरही अटीचा पेच आला. जॉन्सनला अट मान्य करावी लागली, कारण दुसरीकडे पगार नव्हता. मिशोने आपली अट सोडण्याऐवजी सौदा मोडला, आयोवा आणि साउथ डकोटाकडे आपली पुस्तकं विकत घेणाऱ्या शेतकऱ्यांना गाठलं, त्यांत बरेच गोरे होते, त्यांना कंपनीचे भाग विकले आणि त्या पैशांतून आठ रिळांचा 'द होमस्टेडर' स्वतः काढला. 1919 च्या फेब्रुवारीत तो शिकागोत लागला, आणि त्यानंतर 1948 पर्यंत तो माणूस चित्रपट काढत राहिला. नट म्हणून जॉन्सनच्या तोडीचा माणूस त्याच्याकडे बहुधा नव्हताच. असता तर त्याला नाव असलेली भूमिका मिळाली असती, आणि पटली नसती तर त्याने मिशोशी भांडून ती सोडली असती.